भातावरचा आळ

माझ्या हातून भूल घेतलेल्या माणसांपैकी फार थोड्यांना माझा चेहरा आठवत असेल. त्यांनी मला पाहिलं ते घाबरलेल्या डोळ्यांनी, झोपण्याच्या आधी, आणि तेव्हाही माझं अर्धं तोंड मास्कखाली होतं. ऑपरेशन नीट झालं की पेढे सर्जनच्या टेबलावर जातात. बाळ झालं तर बाळाच्या डॉक्टरकडेही जातात. मी मात्र ‘त्या पाठीत सुई देणाऱ्या बाई’. पुढे कधी पाठ दुखली, मग ती धुणं धुऊन दुखो की वयाने, माझी आठवण हमखास निघते.

नागपुरात माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाचं एक ठिकाण नसतं. सकाळी धंतोलीतलं एक नर्सिंग होम, दुपारी रामदासपेठ, मध्येच सक्करदऱ्याहून फोन. गाडीच्या मागच्या सीटवर बॅग कायम भरलेली. मी जुन्या नागपुरातल्या महाल भागातली. आमच्या घरात कारकुनी आणि शिक्षकी चालत आलेली, त्यामुळे ‘मुलगी दिवसभर गाडी घेऊन दवाखाने हिंडते’ हे माझ्या काकांना शेवटपर्यंत पचलं नाही. आता मी काम थांबवलं आहे. बॅग अडगळीत गेली, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘काहीतरी अनुभव लिहा’ म्हणून मागे लागून मला टेबलाशी बसवलं. त्यांना भुलीच्या गमती हव्या होत्या. भुलीत माणसं काय काय बडबडतात वगैरे. ते मी लिहिणार नाही. भुलीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं, एवढी शिस्त मी पाळत आले आहे. मला सांगायचं आहे ते एका साध्या, स्वस्त इंजेक्शनबद्दल, जे भुलीचं नव्हेच.

ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन शिरेतून देतात. कशासाठी, हे थोडक्यात सांगते. आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर जंतू असतात. अगदी रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यांच्याही. आम्ही चीर देण्याआधी कातडी तांबूस औषधाने पुसतो, पण केसांच्या मुळाशी दडलेले काही उरतातच. सुरीने दार उघडलं की ते आत जातात. त्या वेळी रक्तात औषध आधीच पोहोचलेलं असेल तर ते तिथेच मरतात. नसेल तर आत घर करतात, आणि आठवडाभराने टाके लाल होतात, फुगतात, पू येतो. म्हणून हे इंजेक्शन चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. फार आधी दिलं तर त्याचा जोर ओसरतो. नंतर दिलं तर उशीर झालेला असतो. आणि बहुतेक ऑपरेशनांना ते एकदाच पुरतं. ऑपरेशन फार लांबलं किंवा रक्त फार गेलं तर पुन्हा द्यावं लागतं, एवढंच.

आता हे जितकं सोपं वाटतं तितकंच सहज ते राहून जायचं. वॉर्डातली सिस्टर समजायची की थिएटरमध्ये देतील. थिएटरमधले समजायचे की वॉर्डात दिलं. सर्जन समजायचा की हे आपण समजायचं कामच नाही. मग मी ते माझ्याकडे घेतलं. चीर देण्याआधी मी मोठ्याने म्हणायचे, “अँटिबायोटिक गेलं.” आणि सर्जनने ‘ऐकलं’ म्हटल्याशिवाय सुरी त्याच्या हातात जाऊ द्यायची नाही. एक सर्जन वैतागून म्हणाले होते, “मॅडम, तुम्ही काय रेल्वे स्टेशनवर घोषणा करून राहिल्या का?” मी म्हटलं, “हो, आणि गाडी सुटायच्या आधीच करते.” त्यानंतर त्यांनी मला फारसं बोलावलं नाही. चालायचंच.

खरा वाद व्हायचा तो मात्र पेशंटच्या नातेवाइकांशी. इतवारीतले एक कापडाचे व्यापारी, हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या-इंजेक्शन काहीच नाही म्हटल्यावर इतके रागावले की विचारू नका. “एकच इंजेक्शन? मेरे साले को दस दिन का कोर्स दिया था! आम्ही काय फुकटचे पेशंट आहोत?” दहा दिवसांचा कोर्स म्हणजे दहापट काळजी, असा त्यांचा हिशेब. खरं सांगायचं तर हा हिशेब आम्हीच त्यांना शिकवला. स्वतःच्या समाधानासाठी आम्ही वर्षानुवर्षं आठवडा आठवडा औषधं लिहीत राहिलो, आणि आता जंतू त्या औषधांना जुमानेनासे झाले आहेत. याची मला खंत आहे. पारशिवनीच्या शिबिरात तर एक गृहस्थ डॉक्टरांना त्रास नको म्हणून घरूनच पोटावर वस्तरा फिरवून आले होते, चांगले चार ठिकाणी कापून घेऊन. कापलेल्या कातडीत जंतू आणखी माजतात, म्हणून आम्ही त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. ते जाताना म्हणाले, “सोच्छ होऊन आलो तरी परत पाठवून राहिले!” त्यांचं दुःख मला कळत होतं.

पण हे सगळं मला आठवतं ते वर्षामुळे.

वर्षा भिवापूरच्या पलीकडच्या एका गावची सून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते धंतोलीत, डॉक्टर निर्मलाताईंच्या नर्सिंग होममध्ये. निर्मलाताई स्त्रीरोगतज्ज्ञ, माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला कमी. वर्षाचं पहिलं बाळंतपण दुसऱ्या एका दवाखान्यात सिझेरियनने झालं होतं. मुलगा झाला, चांगला होता, पण तिची जखम चिघळली. टाके उसवले, पोट उघडं पडलं, आणि रोजच्या ड्रेसिंगला कंटाळून घरचे तिला निर्मलाताईंकडे घेऊन आले. जखम बऱ्यापैकी साफ झाली होती. आता पुन्हा टाके घालायचे होते.

भूल देण्याआधी मी प्रत्येकाला तपासते, चार प्रश्न विचारते. वर्षा हाडांचा सापळा झाली होती. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या. मी तिला विचारलं, “काय खाता?”

उत्तर तिच्या सासूने दिलं. अनसूयाबाई. उंच, ताठ, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि बोटांची टोकं लालसर. भिवापूरकडे मिरचीचे सातरे असतात, म्हणजे जिथे बाया दिवसभर बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. अनसूयाबाईंनी त्यात उभा जन्म काढला होता. नातू झाल्यापासून मात्र त्या सातऱ्यावर गेल्याच नव्हत्या. हाताची आग बाळाला लागू नये म्हणून. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि मला ही बाई त्याच क्षणी आवडली. म्हणून पुढचं ऐकताना अधिकच त्रास झाला.

“भात बंद हाय डॉक्टरीनबाई. वांगं बंद, आलू बंद, आंबट बंद, तुरीचं वरन बंद. निरा ज्वारीची भाकर अन् दूध. तरी पू थांबून नाही राहिला.”

“अहो, हे सगळं बंद का?”

“काहून म्हंजे? भातानं पू होते ना! आमी हिले पयल्याच दिवशी सांगतलं होतं. पन हिनं आठ दिवस झाले नाही तं बाजूच्या बाईच्या डब्यातला भात खाल्ला. चोरून! दुसऱ्या दिवशी जखमेतून पानी.”

वर्षा भिंतीकडे पाहत होती. नवरा दाराशी उभा होता. मी अनसूयाबाईंना जरा चढ्याच आवाजात सुनावलं. भाताने पू होत नाही, उलट खाल्लं नाही तर जखम भरत नाही, तिला सगळं खाऊ द्या. त्यांनी माझं सगळं आदराने ऐकून घेतलं आणि त्यातला एक शब्दही मानला नाही. शहाणी माणसं डॉक्टरांशी असंच वागतात.

पाठीतून भूल दिली की पेशंट जागा असतो. कमरेखालचं कळत नाही, पण ऐकू येतं, बोलता येतं. सर्जन तिकडे पोटाशी, आणि मी डोक्याशी स्टुलावर. माझ्या धंद्यातलं हे मला सगळ्यात आवडतं. एक घाबरलेला माणूस आणि मी, मध्ये हिरवा पडदा, आणि तासभर गप्पा. त्या दिवशी निर्मलाताईंचे टाके सुरू झाले आणि वर्षा छताकडे बघत म्हणाली, “मॅडम, म्या खरंच भात खाल्ला होता.”

“बरं मग?”

“दोनच घास. बाजूच्या बाईनं दिला. गरम होता. मले राहवलं नाही.” मग म्हणाली, “त्याच्यानंच पोराले दूध नाही पुरलं. जखम झाली, मंग ताप, मंग दूध आटलं. घरी मले सारे ‘भातखाई’ म्हंतेत.”

भिवापूरच्या पुढे भंडाऱ्याच्या बाजूला सरकलं की ताटातली भाकर कमी होत जाते आणि भात वाढत जातो. तिचं माहेर त्या बाजूचं, धानाच्या शेतातलं. भात तिच्यासाठी जेवणाचंच दुसरं नाव. मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले आणि म्हटलं, “भाताने काही होत नाही गं.” तिने ‘हो’ म्हटलं. पण तिचा विश्वास सासूवर होता, माझ्यावर नव्हता. दोन घासांनी आपण आपल्या पोराला उपाशी ठेवलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. माझ्याजवळ त्यावर औषध नव्हतं. जखम भरली, ती घरी गेली, आणि मी माझ्या पुढच्या दवाखान्यात.

मध्ये काही वर्षं गेली. एक दिवस निर्मलाताईंनी उद्याच्या सिझेरियनसाठी बोलावलं आणि म्हणाल्या, “जुनी ओळख आहे.” मी संध्याकाळी तपासायला गेले तर कॉटवर वर्षा. पोट पुढे आलेलं, बाकी सगळी तशीच वाळलेली. तिच्या जवळ अनसूयाबाई, पुन्हा त्यांची बोटं मिरचीपासून सुटी घेतलेली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. आधी कुठल्या औषधाची पुरळ वगैरे? नाही. दम लागतो? थोडा. काय खाता? आणि मग हळूच, “भात?”

“तवापासून नाही,” वर्षा म्हणाली. “हातच नाही लावला.”

पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, पण त्याच्या आईने त्या दोन घासांपासून भात खाल्ला नव्हता. आणि आता पुन्हा तीच चीर, त्याच जागी. जुन्या जखमेच्या वणावर नवी जखम करायची, रक्त कमी, अंगात जोर नाही. निर्मलाताई बाहेर येऊन मला एवढंच म्हणाल्या, “या खेपेला चिघळली तर ही मुलगी उठणार नाही.” त्यांना शरीराबद्दल म्हणायचं होतं. मला तिचं बाकीचंही दिसत होतं. आणखी एकदा पू झाला तर त्या घरात तिचं काय होईल, हे मला सांगायला कोणी नको होतं.

सकाळी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं. मी हातात ते इंजेक्शन भरून घेतलेलं. एवढ्यात अनसूयाबाईंनी माझं मनगट धरलं.

“डॉक्टरीनबाई, एक ऐकजा माहं. हे सुई आता नोका देऊ.”

“का?”

“पोरगी कालपासून उपाशी हाय. उपाशीपोटी हे सुई गरम पडते. अन् पोटात लेकरू हाय, त्याले गरमी लागन. लेकरू बाहीर येऊ द्या, तिले दोन घोट दूध पाजा, मंग द्या ना. मी कुठं नाही म्हनून राहिली?”

मी म्हटलं, “मावशी, ही सुई आधीच द्यायची असते.”

“मागच्या वक्ती बी ते सिस्टर असंच म्हने. म्या तिच्या पाया पडली. थांबवली सुई. भली होती बिचारी, आयकलं तिनं. लेकरू झाल्यावर, हिनं चाय घेतल्यावर देल्ली. पाहा ना, पोट्टा कसा धडधाकट निपजला!”

त्या हे अभिमानाने सांगत होत्या. मागच्या खेपेला त्या दवाखान्यात काय झालं असेल याचा मी कधी फार विचार केला नव्हता. आता ते समोर आलं. एका आजीने नातवाच्या मायेपोटी हात जोडले, एका सिस्टरने म्हाताऱ्या बाईच्या मायेपोटी ऐकलं. वाईट कोणीच केलं नव्हतं.

स्ट्रेचरवर वर्षा सगळं ऐकत होती.

आत निर्मलाताई हात धुवायला लागल्या होत्या. मला घाई करता आली असती. “तुम्हाला काय कळतं” म्हणून दार लावून घेता आलं असतं, आणि इंजेक्शन तर मी देणारच होते. पण मनगट त्यांनी धरलेलं होतं, आणि त्यात भांडण नव्हतं, भीती होती. मी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

“मावशी, तुम्हाला जी भीती वाटते ना, ती आम्हालाही वाटायची. आम्ही सगळे डॉक्टर कितीतरी वर्षं असंच करत होतो. बाळाची नाळ कापेपर्यंत ही सुई हातात धरून उभे राहायचो, बाळाला औषध लागू नये म्हणून. मग जाणकारांनी बघितलं की बाळाला त्याने काही होत नाही, आणि आईच्या जखमा मात्र चिघळतात. तेव्हा आम्ही ते बदललं. म्हणजे तुम्ही काही वेगळं केलं नाही.”

“अन् गरमी?”

“ही सुई पोटात जात नाही. शिरेतून रक्तात जाते. उपाशी असो की जेवलेलं.” मग मी त्यांना सुरी, कातडी, जंतू असं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. चीर पडते तेव्हा औषध आत तयार असायला पाहिजे. नंतर वरून कितीही दिलं तरी आत रुजलेलं सहज निघत नाही.

त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. म्हणाल्या, “म्हंजे मिरचीच्या रोपावानी. मुळं औषधात बुडवतो, मंग लावतो.”

“अगदी तसंच.”

“लावल्यावर मंग बुडवता येत नाही.”

हे वाक्य त्यांनीच म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं समजलं आहे. त्यांनी स्ट्रेचरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत विचारलं, “मंग तवाचा पू, माह्यामुळं?”

अशा प्रश्नांना डॉक्टर लोक बगल देतात. मलाही द्यावीशी वाटली. एवढ्या वयाच्या बाईच्या डोक्यावर हे ओझं कशाला? पण बाजूच्या स्ट्रेचरवर एक मुलगी तेच ओझं इतकी वर्षं वाहत होती, आणि ते तिचं नव्हतं.

“असेल,” मी म्हटलं. “नसेलही. सुई वेळेवर दिली तरी एखादी जखम चिघळते. न देताही एखादी भरून येते. तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही म्हणू शकत नाही.”

हे उत्तर मला आजही आवडत नाही. पण दुसरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अनसूयाबाईंनी माझं मनगट सोडलं. पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “द्या. आत नेऊन द्या.”

आत पाठीत भूल दिली, वर्षाला पाठीवर नीट आडवं केलं. ट्रेमधली सिरिंज घेऊन शिरेतून औषध सावकाश सोडलं. निर्मलाताईंनी पोट पुसून कापड टाकलं. मी म्हटलं, “अँटिबायोटिक गेलं.” त्या म्हणाल्या, “ऐकलं.” मग मी डोक्याशी माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

वर्षाचे डोळे छतावर होते. “मॅडम,” ती म्हणाली, “मंग भातानं नोतं झालं?”

“नाही.”

“पक्कं?”

आमच्या धंद्यात हा शब्द फार क्वचित वापरता येतो. बहुधा, शक्यता आहे, सहसा, असं बोलण्यातच जन्म जातो. पण या एका गोष्टीबद्दल मला काही शंका नव्हती.

“पक्कं,” मी म्हटलं. “भाताने नाही.”

तिच्या डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मी गॉजने पुसत राहिले. थोड्या वेळात पडद्यापलीकडे बाळ रडलं. मुलगी होती, आणि चांगली ओरडत होती.

भूलतज्ज्ञाचं काम थिएटरच्या दारात संपतं. पेशंट शुद्धीवर, नाडी ठीक, की आम्ही पुढे. वॉर्डात मी सहसा जात नाही. त्या वेळी मात्र गेले, त्या बाजूला काम नसतानाही गेले. निर्मलाताईंना कारण कळलं असावं.

जखमेवरची पट्टी आठव्या दिवशी सकाळी उघडायची होती. मी आदल्या दुपारी पोहोचले तेव्हा वॉर्डात चार कॉटवर चार बाळंतिणी आणि त्यांच्या माणसांची गर्दी. नर्सिंग होमच्या मागे नातेवाइकांसाठी चूल-गॅसची जागा होती, तिथून अनसूयाबाई डबा घेऊन येत होत्या. त्यांनी कॉटवर बसून झाकण उघडलं. वाफ आली. मऊ पांढरा भात, त्यावर तुरीचं वरण, वर तुपाची धार.

वर्षा डब्याकडे बघत राहिली. मग सासूकडे.

“आई, पट्टी उद्या उघडनार हाय,” ती हळूच म्हणाली.

मला तिचं म्हणणं कळलं. अजून जखम कोणी पाहिली नव्हती. आज भात खाल्ला आणि उद्या पट्टीखाली पू निघाला, तर भाताचा दोष पुन्हा कायमचा. मी स्वतःच सांगितलं होतं की सुई वेळेवर दिली तरी एखादी जखम चिघळते. एक दिवस थांबा, पट्टी उघडू द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. विज्ञानावर विश्वास ठेवणारी मी, आणि मला त्या भाताची भीती वाटली.

अनसूयाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी घास कालवला आणि वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “उद्या काही बी निघो. भाताचं नाव कोनी घेऊ नोका. मागच्या वक्ती सुई म्या थांबवली होती. हिचा काही दोष नोता.” बाजूच्या कॉटवरच्या बाया वळून पाहायला लागल्या. दाराशी उभा असलेला नवरा खाली बघायला लागला. अनसूयाबाईंनी घास पुढे केला. “खाय वं पोरी. गरम हाय.”

वर्षाने तोंड उघडलं. पहिला घास तिला नीट गिळता आला नाही, रडू येत होतं. दुसरा गेला. मग तिने सासूच्या हातातून डबा घेतला आणि स्वतः खाऊ लागली, खाली मान घालून, भराभर, जशी शेतातून आलेली माणसं खातात. अनसूयाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाताईंनी पट्टी काढली तेव्हा मी मागे उभी होते. चिकटपट्टी सुटली, गॉज उचललं. खाली एक बारीक, कोरडी रेघ. कडा जुळलेल्या, लाली नाही, सूज नाही. निर्मलाताईंनी बाजूने दाबून पाहिलं, काही आलं नाही.

पण अनसूयाबाईंचं नुसतं डोळ्यांनी पाहून समाधान झालं नाही. त्यांनी ट्रेमधलं ते काढलेलं गॉज उचललं आणि नाकाजवळ नेलं. मागच्या खेपेला कितीतरी दिवस त्यांच्या घरात तो वास भरून राहिला होता, तो त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग गॉज ट्रेमध्ये ठेवून त्या मटकन कॉटच्या कडेला बसल्या आणि सुनेचा पाय हातात धरून राहिल्या.

वर्षाने आधी जखमेकडे पाहिलं, मग सासूकडे, मग खिडकीतल्या डब्याकडे.

“आई,” तिने विचारलं, “कालचा भात उरला हाय का?”